ओल्या हाताची पैज

लग्नाची वरात निघाली की सगळं गाव नवरदेवाकडे बघतं. मारोतमामा घोड्याकडे बघायचे. एकदा तर आमच्या शेजारच्याच घरची वरात त्यांनी भर चौकात थांबवली. बँड वाजत होता, पोरं धूळ उडवत नाचत होती आणि मामा घोड्याच्या पोटाखाली वाकून तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, बघत होते. तंग रुतून घोड्याची कातडी सोलवटली होती.

"उतरा खाली," ते नवरदेवाला म्हणाले.

नवरदेवाचे वडील धावत आले. "मामा, मुहूर्त टळून राहिला ना!"

"टळू द्या. तुमच्या पोराला आजच्या दिवस मंडपापत्तूर चाललं की झालं. या मुक्या जिवाला उद्या बी दुसऱ्याचं लगीन हाय."

शेवटी नवरदेव मुंडावळ्या सावरत पायी निघाला आणि त्याच्या मागून लगाम धरून मामा आणि घोडा. मंडपाच्या दारात आरती घेऊन उभ्या असलेल्या बायकांना क्षणभर कळेना, आधी कुणाला ओवाळायचं. नवरदेवाकडची मंडळी पुढे बरेच दिवस मामांशी बोलत नव्हती. मामांना त्याचं काही वाटलं नाही. घोड्याची जखम भरली की नाही, हे बघायला मात्र ते दोनदा घोडेवाल्याच्या घरी जाऊन आले.

मामांना जाऊन आता सहा-सात महिने झाले. आखाडा बाळापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा शाळेच्या कुंपणापलीकडचं शेत मामांचं होतं. आमची ओळख भांडणातूनच झाली. हा पांढऱ्या फेट्यातला, चार लोक ज्याचा शब्द मानतात असा म्हातारा माणूस दर जत्रेत घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावतो, हे मला वर्गातल्या पोरांकडून कळलं. मी तशीच कुंपणापाशी गेले आणि त्यांना चांगलं सुनावलं. या वयात जुगार शोभतो का, लेकरांनी तुमच्याकडून काय शिकायचं, वगैरे वगैरे. मास्तरकीत जिभेला वळणच तसं लागतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, फेटा काढून टक्कल पुसलं, फेटा परत बांधला.

"जुगार कोन खेळतं, बाई? आमी पैज लावतो."

"फरक काय?"

"जुगाराला नुसता पैसा लागतो. पैजेला दुसरं मानूस लागतं. चंपाषष्ठीला या माळावर, दाखवतो." आणि जाताना त्यांनी माझ्या हातात वांगी ठेवली. भांडायला आलेल्या माणसाला वांगी देऊन परत पाठवायची, ही त्यांची जुनीच खोड होती.

चंपाषष्ठीला गावाबाहेरच्या माळावर खंडोबाची जत्रा भरते. देवळासमोरच्या पट्टीवर घोडी पळतात. गोरेगावकडून येतात, शिरड शहापूरहून येतात, तांड्यावरची असतात. बाकी वर्षभर हीच घोडी वराती वाहतात. या एका दिवशी त्यांच्या पाठीवर नवरदेव नसतो म्हणून ती पळतात, असं मामा म्हणायचे. पैजेची इथली रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ज्या घोड्यावर पैज लावायची, त्याला आधी आपल्या हातानं भिजवलेला हरभरा चारायचा. घोडा हात चाटून ओला करतो. मग त्याच ओल्या हातानं समोरच्या माणसाचा ओला हात देवळासमोर घट्ट धरायचा. गुरव मधून आपला हात मारून ती पकड सोडवतो, त्याला 'हात तोडणं' म्हणतात. हात तुटला की पैज लागली. कोरड्या हाताची पैज कुणी धरत नाही. आणि हरणाऱ्यानं पैसे द्यायचे नसतात. त्यानं जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन, गोवऱ्या पेटवून, स्वतः कणकेचे रोडगे भाजायचे आणि घरादाराला भरीत-रोडग्याचं जेवण घालायचं. बायकांनी चुलीला हातसुद्धा लावायचा नाही. ही शेवटची अट ऐकल्यावर माझा राग थोडा उतरला, हे कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक नियम होता. निदान एक तरी हात तुटल्याशिवाय घोडी सोडायची नाहीत. कधीकाळी तिथं हात तोडून तोडून गुरवाचा खांदा दुखायचा म्हणे, त्यामुळे हा नियम कुणाच्या ध्यानातही नव्हता.

मामांच्या समोरचा हात कायम एकच, थावराजींचा. थावराजी पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे. उंच, सडपातळ, मोठ्या आवाजाचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरायचे. थावराजी शेती करायचे, पण जनावराची पारख त्यांच्या घरात टिकून होती. ते घोडा निवडायचे तो उतावळा. "उभं राहवत न्हाई, खूर आपटतं, त्येच पळतं," हे त्यांचं साधं गणित. मामांचं गणित त्याहून साधं आणि पूर्ण चुकीचं. ज्याच्या डोळ्यांत राग नाही, तो घोडा मामांचा. असा शांत, समजूतदार घोडा शर्यतीतही समजूतदारपणेच वागायचा, दुसऱ्यांना पुढे जाऊ द्यायचा. मामा हरायचे. वर्षानुवर्षं हरायचे. घोड्याच्या अंगावरचा ओरखडा लांबून ओळखणारा हा माणूस जिंकणारा घोडा काही केल्या ओळखू शकला नाही.

"मामा, तुम्हाला कळत कसं नाही?" मी एकदा विचारलं.

"कळतं की. ते काळं जिकनार हे मला बी दिसतं. पन गरीब डोळ्याचं घोडं माझ्याकडं बघून राहतं अन् मला दुसऱ्याला हरभरा चारवत न्हाई."

म्हणून बहुतेक वर्षी तांड्यावर मामाच रोडगे भाजायचे. हरून हरून त्यांचा हात असा बसला होता की तसे रोडगे पंचक्रोशीत कुणाला जमत नसत. थावराजी बाजेवर बसून राजासारखे जेवायचे आणि ओरडायचे, "मारोती, ह्या बाजूनं कच्चा हाय रे!" कच्चा नसायचाच. एखाद्या वर्षी चुकून थावराजी हरले, तर ते आमच्या गावात येऊन वरून जळलेले आणि आत पीठ राहिलेले रोडगे करायचे. मामा ते एक शब्द न बोलता खायचे. एकदा मीही खाल्ले. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली.

मी गावात आले तेव्हाच हात देणारे कमी झाले होते. म्हातारे एकेक करून गेले आणि तरुण पोरं काही त्यांच्या जागी आली नाहीत. ती जत्रेला यायची, पण पाठीमागे, मोटारसायकलींवर बसून मोबाईलमध्ये मान घालून. पैसे लावायच्या ॲपवर क्रिकेटच्या टीमा लावायच्या, रंग ओळखायचे, पडद्यावरचं विमान उडतं तोवर पैसे काढायचे. बसल्या बसल्या सगळं. शेवटची काही वर्षं तर देवळासमोर एकच हात तुटायचा, मामा आणि थावराजींचा, आणि त्या एका हातावर सगळी घोडी पळायची.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात थावराजी गेले. मामा तांड्यावर जाऊन आले आणि नंतर बरेच दिवस शेताच्या बांधावर नुसते बसून असायचे. मी कुंपणापाशी गेले तर म्हणाले, "बाई, आता पैज कोनासंगं?" मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण दिवाळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ते नुसतं दुःखातून म्हणत नव्हते. जत्रेच्या समितीनं मामांना सांगितलं होतं की यंदा हात तुटला नाही तर पुढच्या वर्षीपासून घोडी बंद, त्या जागी डीजे आणि नाचगाणं. समितीची पोरं वाईट नव्हती. वर्गणी गोळा करून, राबून जत्रा तीच भरवत होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की कुणालाच नको आहे ते ओढायचं कशाला. मामांना जत्रेच्या आत पैज घेणारा एक माणूस हवा होता, आणि तो त्यांना तरुणच हवा होता. "म्हाताऱ्याचा हात घेतला तर दोन वर्षांनी पुन्हा हेच," असं त्यांचं म्हणणं.

म्हणून ते रोज संध्याकाळी पारावर जाऊन बसू लागले. तिथल्या पोरांशी त्यांची जी बोलणी चालायची, ती मी किराणा आणायला जाता-येता ऐकायचे.

"मामा, वर्षातून एकच शर्यत? त्याच्यासाठी वर्षभर थांबायचं?"

"थांबायचं ना. थांबण्यातच तर मजा हाय."

"अन् जिकून भेटतं काय, तर रोडगे!"

"मंग? तुला मोबाईलात काय भेटलं आजपत्तूर?"

त्यावर सगळी हसली. ज्याला विचारलं होतं तो मात्र हसला नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "खरं सांगू का मामा, आमाला घोड्याचं काहीच कळत न्हाई. क्रिकेटवाला कोन कसा खेळतो ते आमी रोज बघतो. घोडं कधी हातात धरलंय आमी?"  मामांना राग आला नव्हता. उलट, पारावरून उठताना ते मला म्हणाले, "पोरगं बराबर बोललं, बाई."

मग त्यांना थावराजींचा नातू आठवला. विकास बाळापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. "थावराचं रक्त हाय, त्याला घोडं कळंल," म्हणत मामा एका रविवारी माझ्या दारात उभे राहिले. त्यांना तांड्यावर जायचं होतं आणि मी स्कूटीवरून न्यावं, असा त्यांचा हुकूम होता. पैजेसाठी तांड्यावर न्यायला मी बरी सापडले, असं मी तोंडानं म्हटलं आणि हातानं किल्ली घेतली. मामा पहिल्यांदाच स्कूटीवर बसत होते. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते स्कूटीला "हो, हो, सबुरीनं" म्हणत होते, आणि माझ्या मागं बसून माझ्याच खांद्याला हात लावायला लाजत होते.

विकास घरीच होता. त्याची आई सोनाबाई अंगणात तूर निवडत बसली होती. मामांनी आडवळण न घेता विचारलं. विकासनं आधी आईकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मामा, मला जमनार न्हाई. आजानं माझ्याकडून वचन घेतलंय."

"कसलं?"

"मी फोनवर लय हारलो होतो. हिच्या, माझ्या याडीच्या, अंगावरचं डाग-दागिनं बी गेलं त्याच्यात. आजा आजारी होता तवा त्याला कळलं. त्यानं माझा हात धरून ठेवला, सोडेचना. म्हनला, पुन्हा कशावर बी पैज लावनार न्हाई असं बोल. मी बोललो, तवा सोडला."

सोनाबाईचे हात सुपात थांबले होते. मी मनात म्हटलं, आता मामा म्हणतील, ते निराळं आणि हे निराळं. माझ्यापुढे इतकी वर्षं त्यांनी तेच तर मांडलं होतं. पण मामा म्हणाले, "थावरानं घेतलेलं वचन हाय. ते मोडू नको. माझ्यासाठी बी न्हाई." त्यांनी विकासच्या पाठीवरून हात फिरवला, सोनाबाईनं दिलेला चहा घेतला, आणि परतीच्या रस्त्यावर ते खड्ड्यांनाही काही बोलले नाहीत. घरी उतरल्यावर म्हणाले, "थावरा आयुष्यभर माझ्यासंगं पैज लावत राहिला, अन् जाताना नातवाला न्हाई म्हनून गेला. त्याला किती तकलीफ झाली असंल, बाई."

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. माळावर भंडारा उधळला जात होता, घोडी आली होती. शिरड शहापूरचा एक काळा घोडा खूर आपटून जमीन उकरत होता. गोरेगावची पांढरट घोडी त्याच्या शेजारी डोळे अर्धवट मिटून उभी होती. मामा हरभऱ्याची पिशवी घेऊन सकाळपासून तिथेच. तांड्यावरून सोनाबाई देवाला आली होती, सोबत विकास. मामांनी त्याला हाक मारली आणि त्याच्या ओंजळीत हरभरा ओतला.

"मामा, वचन..."

"वचन पैजेचं दिलं तू. घोड्याला चारायचं न्हाई म्हनून न्हाई दिलं."

विकासनं काळ्या घोड्यापुढे हात धरला. घोड्याची खरखरीत जीभ लागली तसा तो दचकला, हात मागे घेतला, हसला आणि पुन्हा पुढे केला. ते बघून पारावरची पोरं मोटारसायकलींवरून उतरली. एकानं मोबाईल खिशात घातला, दुसऱ्यानं शर्टाला हात पुसून पुढे केला. "चावतंय का हे?" "गरम वाफ येऊन राहिली नाकातून!" बघता बघता पिशवी रिकामी होत आली. माझ्या शाळेतली लेकरंही त्यात घुसली. शेवटची मूठ मामांनी स्वतःकडे ठेवली होती. ती त्यांनी पांढरट घोडीला चारली.

शर्यतीची वेळ झाली. गुरव देवळाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. "हात कोनाचा?"

कुणी पुढे आलं नाही. समितीचा अध्यक्ष, तोही तरुणच, अवघडून म्हणाला, "मामा, मी देतो हात. नावापुरता."

"नावापुरता नको," मामा म्हणाले. "देवासमोर खोटं कशाला?"

त्यांचा तो ओला हात हवेत तसाच होता. मला राहवेना. मी एक पाऊल टाकलं असेन नसेन, तेवढ्यात मामांनी मान हलवली. "बाई, तुमी न्हाई. तुमची लेकरं बघून राहिली." ते देवळाकडे वळले. उजवा हात थोडा पुढे करून, डोळे मिटून काही वेळ उभे राहिले. मला वाटलं थकले असतील, चक्कर आली असेल. मग ते वळून म्हणाले, "सोडा घोडी."

"अन् हात?" गुरव गडबडला. "मामा, रिवाज मोडतो ना."

"सोडा. पोरं घोड्याला हात लावून उभी हायेत. त्यांना पळताना बघू द्या. पैज न लावता बघू द्या. देवानं इचारलं तर माझं नाव सांगा."

गुरवानं अध्यक्षाकडे बघितलं, अध्यक्षानं पोरांकडे. मग भंडारा उडाला आणि घोडी सुटली. आजवर मी त्या माळावर एवढा आरडाओरडा ऐकला नव्हता. ज्यानं ज्या घोड्याला चारलं होतं, तो त्याचा झाला होता. काळा घोडा पहिला आला. पांढरट घोडी आली सावकाश, सगळ्यांच्या मागून. मामांनी कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसले. त्याच संध्याकाळी समितीनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी घोडी राहतील आणि लेकरांसाठी हरभरा समितीतर्फे. मला हायसं वाटलं. पैज संपली आणि घोडी राहिली, याहून चांगलं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा माझ्या दारात. एका हातात गोवऱ्यांचं पोतं, दुसऱ्या हातात पिठाचं गाठोडं आणि वांगी. "स्कूटी काढा. तांड्यावर जायचंय."

"आता कशाला?"

"हारलो ना मी."

"मामा, पैज लागलीच नव्हती. तुम्हीच तर मोडली, सगळ्या गावासमोर."

"पोरांपुरती मोडली. माझी अन् थावराची हाय तिथंच हाय." ते पोतं पायरीवर ठेवून निवांत बसले. "काळं घोडं खूर आपटून राहिलं होतं. ते थावराचं, दुसऱ्या कोनाचं असंल? पांढरी माझी. देवळापुढं हात पुढं केला, त्यानं धरला. तुमी बघत होत्या की."

"पण कुणाला काय कळणार होतं? काळा घोडा तुम्ही स्वतःकडे ठेवला असता तर जिंकला असता."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी वर्गात कॉपी करायला सांगितलं. "थावराला फसवू व्हय मी?"

मी किल्ली आणायला आत गेले आणि जरा वेळानं बाहेर आले.

तांड्यावर त्यांनी अंगणात गोवऱ्या रचल्या, रोडगे वळले, वांगी निखाऱ्यात सारली. सोनाबाई मदतीला आली तर तिला हातानं थांबवलं. "न्हाई. हारलेल्यानंच करायचं." तिला काही उमगेना. मी सांगितलं. ती बाई पैजेच्या नावानंच आयुष्यभर बोटं मोडत आलेली. आधी सासऱ्याच्या, मग लेकाच्या. आता पुन्हा तेच घरात, म्हणून ती काही बोलेल असं मला वाटलं. तिनं पदरानं डोळे पुसले, धुरानं असेल नसेल, आणि आत जाऊन थावराजींची बाज अंगणात आणून टाकली. पहिलं ताट तिनंच तिथं ठेवलं.

मामांनी बाकीची ताटं वाढली. मग विकास रोडगा मोडता मोडता म्हणाला, "मामा, ह्या बाजूनं कच्चा हाय." मामांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि हसत हसत रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्या उन्हाळ्यात मामा गेले. आजारी पडले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. दुपारी झोपले ते झोपले. तांड्यावरची माणसं आली. विकास सर्वांत आधी आला आणि सर्वांत शेवटी गेला.

आता चंपाषष्ठी जवळ आली आहे. समितीनं गोरेगावला आणि शिरड शहापूरला घोडी सांगितली आहेत. शाळेतली लेकरं आतापासूनच घोडी वाटून घेत आहेत. देवळासमोर हात तुटणार नाही, आणि ते बरंच आहे असं मी आजही वर्गात सांगते. माझं मत बदललेलं नाही. पण हळहळ एक आहे. मामांशी एकदा तरी पैज लावायची राहून गेली. जिंकले मीच असते.